मधुराच्या लग्नाचं प्रूफ

मालिकेचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण ती बंद पाडणाऱ्यांना फुकटची प्रसिद्धी द्यायची माझी अजूनही इच्छा नाही. आमच्या पिंपळीच्या घरात ती रोज संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्यांबरोबर सुरू व्हायची आणि आईच्या भाकरी थापून होईपर्यंत संपायची. मधुरा नावाची, डॉक्टरकी शिकणारी गुणी मुलगी, शौनक नावाचा जरा मंद पण मनाने चांगला मुलगा, आणि त्या दोघांचं लग्न होऊ नये म्हणून जिवाचं रान करणारी त्याची काकू, एवढीच गोष्ट. पण ती इतकी वर्षं चालली होती की आमच्याकडे काळ मधुराच्या हिशेबानं मोजत. मधुराचा हात भाजला तेव्हा मी सातवीत होते. तिची स्मृती गेली त्या हंगामात विहिरीवर नवी मोटर बसली. शेवटी एकदाचं लग्न ठरलं, काकूला अटक झाली, मधुराला हळद लागली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला टीव्हीवर एक बाई पनीर तळत होती. मालिका संपली होती. हळद लागलेली मुलगी तशीच हळदीत ठेवून ती मंडळी आपापल्या घरी निघून गेली होती.

घरात हे सगळ्यात जास्त लागलं ते आबांना. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांना मूलबाळ नव्हतं, काकी लवकर गेल्या होत्या, आणि शेती अण्णा, म्हणजे माझे वडील, बघायचे. आबा बघायचे पंचक्रोशीतली लग्नं. स्टेजच्या कोपऱ्यात माईक धरून जो माणूस 'आत्ताच आपल्यामध्ये आगमन झालेलं आहे' म्हणत असतो, फेटे कोणाला बांधायचे ते पुकारतो, आणि 'मुलीच्या मामांनी मुलीला लवकरात लवकर स्टेजवर घेऊन यावे' असं दहादा ओरडतो, ते आमचे आबा. बारामती ते इंदापूर असं एकही मंगल कार्यालय नसेल जिथल्या वाढप्याला त्यांचा आवाज माहीत नव्हता. सुरू झालेलं लग्न पुरं न होता राहिलंय, ही गोष्ट त्यांच्या डोक्यातच शिरेना. "हळद लागल्याली पोरगी अशी टाकून जात्यात व्हय?" ते टीव्हीतल्या बाईला विचारत होते, आणि ती त्यांना सिमला मिरची उभी चिरायला सांगत होती.

लिहायला मी त्याआधीच लागले होते. फोनवर गोष्टींचं एक ॲप होतं. तिथे माझ्यासारख्या पुष्कळजणी आपापल्या आवडत्या मालिकेत पुढे काय व्हायला हवं ते लिहून टाकत. त्याला फॅन फिक्शन म्हणतात हे मला स्वातीनं सांगितलं. आई त्याला नुसतं 'पुढचं' म्हणायची. स्वाती इंदापूरची, तिचे वडील बँकेत, आणि ती रोज एसटीनं बारामतीला कॉलेजला यायची. माझा प्रत्येक भाग पोस्ट होण्याआधी तिच्या नजरेखालून जायचा. मी आज पुण्यात पुस्तकांची प्रुफं तपासून पोट भरते, पण तिच्याइतकी कडक बाई मला या धंद्यातही भेटलेली नाही. एका परिच्छेदात एकच माणूस बोलला पाहिजे. उद्गारचिन्ह एकच, तीन दिली की वरच्या दोन चिन्हांबद्दल दंडाला चिमटा. भागाच्या वर लेखिकेची टीप, खाली टॅग, आणि सगळ्यांच्या आधी 'ही पात्रं माझी नाहीत' असं कबूल करणारं एक वाक्य. माझ्या फोनचा कीबोर्ड स्वतःच्या मनानं शब्द भरायचा, आणि 'शौ' टाइप केलं की त्याला आधी शौचालय आठवायचं. त्यामुळे एका हळव्या प्रसंगात मधुरा शौचालयाच्या मिठीत विसावली होती. स्वातीनं ते स्टँडवर उसाचा रस पिता पिता वाचलं, आणि तो रस तिच्या नाकातून बाहेर आला.

घरात हे सगळं उघडं पडलं ते आईमुळे. पोस्ट करण्याआधी भाग एकदा मोठ्यानं वाचायचा हा स्वातीचा नियम होता, आणि मी स्वयंपाकघरात वाचायला लागले की आई परातीतून मान न काढता "मग? पुढं?" करायची. एका दुपारी मी वाचत असताना आबा दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, संपलं, आता फोन जातोय. आबा सगळा भाग ऐकून घेऊन म्हणाले, "लगीन कवा लावतीस?"

"कुणाचं?" मी घाबरतच विचारलं.

"मधुराचं. तू लिव्हतीयास न्हवं? मंग पोरीला हळदीत कशाला ठेवलीया अजून? आन आन हिकडं, चुका बघू दे."

त्यांनी फोन जवळ धरला, लांब धरला, चष्मा वर केला आणि परत दिला. "डोळ्यांनी न्हाय कळायचं," ते म्हणाले. "माईकवर आल्याबिगर मला चूक दिसत न्हाय." आणि त्यांनी खुंटीवरचा आपला खांद्याला अडकवायचा स्पीकर काढला, बाहेरच्या ओट्यावर ठेवला, माईक फुंकला, 'हॅलो हॅलो' केलं, आणि मधुराच्या मनातली घालमेल आमच्या सगळ्या वस्तीला ऐकवायला सुरुवात केली.

मी लाजेनं गोठ्यात जाऊन बसले. म्हशी रवंथ करत होत्या, त्यांचं काही म्हणणं नव्हतं. पण थोड्या वेळानं आमच्या उसातून एक बाई खुरपं हातात घेऊन बांधावर आली आणि ओरडली, "आबा, मागच्या खेपेला शालू हिरवा हुता! आता लाल कसा?" आबांनी वाचन थांबवून माईकवरच मला हाक मारली. मी मागचा भाग काढून बघितला. शालू हिरवाच होता. त्या दिवसापासून आमच्याकडे प्रूफ तपासण्याची तीच पद्धत पडली. जेवणं झाली की आबा माईक लावायचे आणि वस्ती चुका सांगायची. शेजारच्या जनाकाकूंनी शौनकच्या आईला साखरेचा आजार असल्याची आठवण दिली आणि तिच्या तोंडात गेलेला पेढा मला परत काढावा लागला. रस्त्यानं ट्रॉल्या ओढत चाललेला एक ट्रॅक्टरवाला इंजिन बंद करून खाली उतरला, शौनकच्या काकूला जामीन झाला का एवढं त्यानं विचारलं, नाही म्हटल्यावर "बरं झालं" म्हणून निघून गेला. आबांना फक्त ते वरचं वाक्य कधी पटलं नाही. "ही पात्रं माझी न्हाईत, आसं कसं लिव्हतीस?" ते चिडायचे. "घरात लहानाची मोठी झाली ती पोरगी. आपली न्हाय तर कुनाची?"

आता आत्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचा वेडेपणा कळायचा नाही. आबांची थोरली बहीण, त्यांची आक्का, निरवांगीला दिलेली. तिच्या यजमानांना आम्ही मुलं मामा म्हणायचो, आणि आबा-अण्णा दाजी म्हणायचे. मामा मोजकं बोलायचे आणि त्यांच्या टोपीची घडी कुणी मोडलेली बघितली नव्हती. माझ्या ताईच्या लग्नात माईकवर अर्थातच आबा होते, आणि घरचंच कार्य म्हटल्यावर त्यांना चेव चढला होता. सत्काराला सरपंच झाले, कारखान्याचे संचालक झाले, खताचे दुकानदार झाले, मंडप घातला त्याला झाला, स्वयंपाक केला त्याला झाला. फेट्यावर फेटे चालले होते. मामा पहिल्या रांगेत होते. आपलं नाव आता येईल म्हणून त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. भटजी मुहूर्त चालला म्हणून खुणा करायला लागले, आबांनी सत्काराचा कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलं, आणि मंगलाष्टका सुरू झाल्या. मामांनी अक्षता टाकल्या, टोपी पुन्हा डोक्यावर घातली, आत्याला हाक मारली, आणि दोघं न जेवता मोटारसायकलवर बसून निरवांगीला निघून गेली.

त्यानंतर आत्या आली नाही. आबा सगळ्यांना सांगायचे, "राहून गेलं, दुसरं काय," पण स्वतः निरवांगीला जायचे नाहीत, कारण थोरल्या मेव्हण्यापुढे काय तोंड घेऊन उभं राहायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोप मात्र धाडायचे. त्यावर मामांचा एकच निरोप यायचा: "माईकवर राहिलं, माईकवरच भरून निघंल." भाऊबीजेच्या दिवशी आबा तेल-उटणं लावून आंघोळ करायचे, धुतलेला सदरा घालायचे आणि दुपारपर्यंत ओट्यावर बसून राहायचे. ओवाळायला कुणी नसायचं. मला त्यांची फार कीव यायची, आणि ते बघवत नाही म्हणून मी मागच्या दारानं ये-जा करायचे.

आणि मामांचा राहिलेला मान माईकवर भरून द्यायचा तर घरात लग्न हवं, आणि आमच्या घरात लग्नाचं राहिलेलं माणूस म्हणजे मी. माझी बारावी नुकतीच झाली होती. मला आणि स्वातीला पुण्याला बीए करायला जायचं होतं, वसतिगृहाचं सगळं विचारूनही ठेवलं होतं. इकडे आबांनी सोमेश्वरनगरकडचं एक स्थळ काढलं. मुलगा चांगला होता म्हणे. घरचा ट्रॅक्टर, कारखान्याला ऊस वाहतो, स्वभाव शांत. "पमीचं लगीन काढलं की आक्का येती का न्हाय बगा," आबा अण्णांना म्हणाले. "दाजींचा पैला फेटा." अण्णा आयुष्यात कधी थोरल्या भावापुढे बोलले नव्हते, तेव्हाही बोलले नाहीत. म्हणजे मामांच्या डोक्याला एक फेटा बांधायचा म्हणून माझ्या डोक्यावर अक्षता पडणार होत्या. मी आबांचा इतका राग राग केला की दोन भागांत शौनकच्या काकूच्या तोंडी त्यांचीच वाक्यं घातली. माईकवर वाचताना त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

अशा सगळ्या वातावरणात मी मधुराच्या लग्नाचा भाग लिहिला. मी तो साधा लिहिला होता. आबांनी पहिल्याच वाचनात त्याची चिरफाड केली. पत्रिका नाही, सत्कार नाहीत, हे लग्न म्हणायचं का पळून जाणं? त्यांनी तोंडी घातलेल्या सुधारणा मी लिहून घेत गेले. सुरुवातीला 'आमच्या येथे श्री कृपेकरून' आलं, शेवटी बारक्या पोरांची नावं घालून 'आमच्या मधुराताईच्या लग्नाला यायचं हं' आलं. स्वाती डोक्याला हात लावून बसली. त्या ॲपवर मजकूर मधोमध घ्यायची सोय नव्हती. तिनं मोकळ्या जागा देऊन देऊन ती पत्रिका मधे आणली, तर माझ्या फोनवर वधूचं नाव एका ओळीत आणि चि. सौ. कां. दुसऱ्याच ओळीत लोंबकळायला लागलं. मग सत्कार सुरू झाले. आबा माईकवर डोळे मिटून एकेक मानकरी सांगत होते, आणि आई पिठाच्या हातानं दारात येऊन ऐकत होती.

"भाऊजी," ती एकदम म्हणाली, "दाजी काय म्हनालं हुतं? माईकवरच भरून निघंल. लगीन कुनाचं, ते म्हनालं हुतं का?"

आबांनी डोळे उघडले. स्पीकर नुसता गुणगुणत होता.

"आगं, हे टीव्हीतल्या पोरीचं..."

"पोरगी टीव्हीतली. माईक तर खरा हाय न्हवं?"

आईला मी तोवर भाकरी आणि 'मग? पुढं?' एवढ्यावरच ओळखत होते. त्या दिवशी मला तिच्याबद्दल जो अभिमान वाटला, तो पुढे कुठल्याच विद्वानाबद्दल वाटला नाही.

आमंत्रण करायला आई आणि मी निरवांगीला गेलो. आईनं रीतसर हळदी-कुंकू, अक्षता, नारळ घेतला होता. आत्या आम्हाला बघून आधी रडली आणि मग डोळे पुसत तिनं विचारलं, "कुनाचं गं?" आई म्हणाली, "मधुराचं." आत्याला काडीचं आश्चर्य वाटलं नाही. "लावताय व्हय? बरं केलंत बाई, माझ्या जिवाला घोर हुता," म्हणत ती चहा टाकायला आत गेली. खरी परीक्षा पडवीत होती. मामा डाळिंबं निवडत बसले होते. मोठी एका बाजूला, फुटकी दुसऱ्या बाजूला. आईनं पुढे ठेवलेल्या अक्षतांकडे त्यांनी एकदा बघितलं.

"आमी कुनाकडचं?" त्यांनी विचारलं.

"मुलीकडचं," आई म्हणाली.

"मान कंचा?"

हे आम्ही ठरवलंच नव्हतं. आई पापणीही न हलवता म्हणाली, "मुलीचं मामा."

मामांनी हातातलं डाळिंब खाली ठेवलं. "तिचा मामा दुबईला हाय." म्हणजे तेही बघत होते तर. त्या नटानं मधेच काम सोडल्यामुळे मालिकेनं मधुराच्या मामाला दुबईला पाठवून दिलं होतं, आणि पुढे सगळे त्याला विसरून गेले होते.

"न्हाय यायचा म्हनं. फोनबी उचलत न्हाय."

"असला कसला मामा," मामा खरोखर चिडून म्हणाले. मग त्यांनी अक्षता उचलून टोपीला लावल्या. "यीन म्हनावं."

आबांना इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्याचा विचका केला. एवढी माणसं जमतायत तर सोमेश्वरनगरच्या पाहुण्यांनाही त्याच दिवशी बोलावून टाकलं. "पोरगी बघनंबी हुईल, लगीन ऐकनंबी हुईल," ते म्हणाले, जणू एका बियाण्यात दोन पिकं. मी गोठ्यात जाऊन रडले. आई बुंदी पाडत होती. ती झारा इतक्या जोरात आपटत होती की बुंदीला शेपट्या आल्या.

लग्नाला वस्ती लोटली. स्वाती इंदापूरहून नवा ड्रेस घालून आली होती आणि फोन चार्ज करून ओट्याच्या कडेला बसली होती, कारण वाचन होता होता सगळ्या दुरुस्त्या करून तिथूनच भाग पोस्ट करायचा असं ठरलं होतं. जनाकाकूंनी मधुरासाठी आहेर आणला, एक पातेलं आणि खण. तो कुणाकडे द्यायचा हे कुणालाच कळेना, शेवटी स्पीकरपुढे ठेवला. सोमेश्वरनगरचे पाहुणे, म्हणजे मुलगा, त्याचे वडील आणि एक कुणी चुलते, खुर्च्यांवर अवघडून बसले होते. नक्की कोणाचं लग्न आहे ते तिघांनी तीन जणांना विचारलं आणि तीन वेगळी उत्तरं मिळाली. मग फाट्यावरून मोटारसायकलचा आवाज आला. आत्या उतरली ती कुणाशी न बोलता थेट स्वयंपाकघरात गेली, आणि आईनं दार लोटून तिच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं. आत्या बाहेर येऊन मामांच्या मागे जरा वाकून उभी राहिली, त्यांच्याशी काही बोलली आणि पुन्हा आत गेली. मामा पहिल्या रांगेत बसले. टोपी डोक्यावरच होती.

आबांनी माईक फुंकला आणि भाग वाचायला सुरुवात केली. पत्रिका झाली. सनई मी शब्दांत लिहिली होती ती त्यांनी तोंडी वाजवली. मग सत्कार. "सर्वात प्रथम," आबा म्हणाले, आणि मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ताईच्या लग्नातली ती टोपी प्रत्येकाला आठवत होती. "सर्वात प्रथम, मुलीचे मामा, निरवांगीचे प्रगतशील बागायतदार, आमचे दाजी दत्तात्रयराव यांचा सन्मान..." इथे लिहिलेलं वाक्य पुढे चालू होतं, पण आबा थांबले. "मागच्या बारीला," ते म्हणाले, आणि हे मी लिहिलेलं नव्हतं, "राहून गेलं, राहून गेलं, असं म्या समद्यांना सांगितलं. राहून न्हाय गेलं. मी इसरलो. मोठ्या मोठ्या लोकांची नावं घ्यायच्या नादात घरचा मानूस इसरलो. आक्काला उपाशी लावून दिली." माईक मांडीवर ठेवून त्यांनी फेट्याचं कापड हातात घेतलं आणि स्वतः बांधायला लागले. आजवर त्यांनी फेटे नुसते पुकारले होते, बांधला कधी नव्हता, त्यामुळे तो एका कानावर आला. मामा हलले नाहीत. दारातून आत्याचं रडणं ऐकू येत होतं, आणि मीही रडत होते, सोमेश्वरनगरच्या पाहुण्यांसाठी भरलेल्या चहाच्या ट्रेवर.

मग आबा हलके झाले. आवाज मूळपदावर आला. मंगलाष्टकांच्या आधीचं ते ठरलेलं वाक्य त्यांनी खणखणीत वाचलं, "मुलीच्या मामांनी मुलीला लवकरात लवकर स्टेजवर घेऊन यावे!"

मामा बसून राहिले.

"मुलीच्या मामांनी मुलीला..." आबांनी सवयीनं पुन्हा पुकारलं.

"न्हाय आनत," मामा म्हणाले.

स्वातीची बोटं फोनवर थबकली. आबा माईकमधूनच म्हणाले, "दाजी?"

"पोरगी डाक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला हुती," मामा सावकाश म्हणाले. "मंग तिची याद गेली. मंग काकूनं तिला कोंडली. मंग येकदम हळद. परीक्षा कवा दिली तिनं?"

शालूचा रंग, पेढा, जामीन सगळं धरलेल्या वस्तीच्या हातून हे सुटलं होतं. स्वातीच्याही हातून सुटलं होतं. जनाकाकू हळूच म्हणाल्या, "न्हायच दिली की गं बाई."

"म्या मामा हाय. आत्ता माईकवर सांगितलंय तुमी," मामा म्हणाले. एका कानावर आलेला फेटा त्यांनी सरळ केला आणि आबांकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "पोरगी शिकंल, मंग लगीन. कंच्याबी पोरीचं."

आबांचं तोंड मी जन्मात विसरणार नाही. मामांचा शब्द मोडावा तर आत्ताच बांधलेला फेटा खाली उतरणार, तोही भर माईकवर. ते अण्णांकडे बघायला लागले, आणि आमचे अण्णा, जे कधी बोलले नव्हते, ते म्हणाले, "मामाचा मान हाय तो, आबा." सोमेश्वरनगरच्या मुलाचे वडील खुर्चीतून पुढे झाले आणि फार समजूतदारपणे म्हणाले, "बरोबर हाय की. मुलीचा मामाच नको म्हंतोय म्हटल्यावर लगीन कसं लागंल?" ते मधुराबद्दल बोलत होते का माझ्याबद्दल, हे त्यांचं त्यांनाही माहीत नसावं. मुलगा माझ्याकडे बघून सुटल्यासारखा हसला. त्यालाही बहुतेक कुणी विचारलं नव्हतं.

आबांनी माईक तोंडाशी नेला, खाली घेतला, परत नेला. "मुलीच्या मामांच्या इच्छेनुसार," ते म्हणाले, "विवाह सोहळा पुढं ढकलन्यात आलेला हाय. पाव्हन्यांनी जेवल्याबिगर जाऊ नये."

बुंदी, मसालेभात आणि वांग्याची भाजी होती. आत्या जेवली. आबांनी तिच्या पानात स्वतः वाढलं, आणि तिनं "पुरं" म्हटलं तरी वाढत राहिले. पंगत उठेपर्यंत स्वातीनं भागाचा शेवट बदलला होता. पत्रिका तेवढी तशीच ठेवली, कारण ती मधे आणायला तिला फार त्रास झाला होता. भाग पोस्ट झाला आणि संध्याकाळपर्यंत खाली शिव्यांचा पाऊस पडला. आधी चॅनेलनं फसवलं, आता तू. हा मामा कोण उपटला. नागपूरच्या एका बाईनं तर मला काकूची हस्तक ठरवलं. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, मुलीचे मामा परवानगी देत नाहीत. ॲपवर गोष्टीपुढे 'पूर्ण' किंवा 'अपूर्ण' असं निवडावं लागतं. स्वातीनं 'अपूर्ण' निवडलं आणि जूनमध्ये आम्ही दोघी पुण्याला गेलो.

पुण्यात मला माझ्या लग्नाबद्दल कुणी विचारलं नाही. मधुराच्या लग्नाबद्दल मात्र अनोळखी बायका विचारत राहिल्या. मी पुष्कळदा ठरवलं की लिहून टाकावं, कोणाला कळणार आहे. पण मामांना न विचारता ती पोरगी स्टेजवर आणायचा मला धीर झाला नाही. बीएचा निकाल लागला त्या दिवशी निरवांगीहून फोन आला. मामा फोनवर प्रत्यक्षापेक्षाही कमी बोलायचे.

"पास?"

"पास, मामा."

"मंग आता लाव लगीन."

मला एमए करायचं होतं, एका प्रकाशकाकडे थोडं कामही मिळत होतं. "मामा, मला अजून..."

"तुझं न्हवं," मामा म्हणाले. "तुझं तू बघ, कवा करायचं ते. मधुराचं."

पिंपळीला गेले तेव्हा उसाला पाणी चालू होतं. वस्ती आधीच ओट्यापुढे बसली होती. जनाकाकूंनी तेव्हा परत नेलेला पातेल्या-खणाचा आहेर इतके दिवस वापरला नव्हता, तो पुन्हा आणून ठेवला. भाऊबीजेला आता नेमानं येणारी आत्या आधल्या दिवशीच आली होती आणि आईबरोबर बुंदी पाडत होती, आणि ह्या खेपेला एकाही बुंदीला शेपूट नव्हती. स्वाती फोन चार्ज करून बसली. मी वरचं ते वाक्य, ही पात्रं माझी नाहीत, काढून टाकलं; तिनं बघितलं आणि चिमटा काढला नाही. मामा पहिल्या रांगेत येऊन बसले, टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, आणि आबांनी माईक फुंकला.